आवडत नाही म्हणायची रीत

समोरच्या फ्लॅटमधली बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. हे मी सरळ मराठीत सांगते, कारण आम्ही तिच्यासमोर राहिलो तेवढ्या वर्षांत तिला काय आवडत नाही ते तिने एकदाही मराठीत सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आमचं भांडण दोन वर्षं आधीच होऊन मिटलं असतं आणि माझ्या डोक्याला एवढा ताप झाला नसता.

आम्ही तिथे भाड्याने राहत होतो. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा सातपूरला एका कारखान्यात मशीनवर आहे, आणि मीही सातपूरलाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये रबरी वॉशर तपासते. माझ्यापुढे दोन ट्रे असतात. चांगला वॉशर एका ट्रेत, खराब दुसऱ्यात. "तसा बरा आहे, पण मला तितकासा भावला नाही" अशा वॉशरसाठी तिसरा ट्रे नसतो. असा ट्रे मी मांडला तर मालक मला दुसऱ्या दिवशी येऊ नका म्हणेल. माणसांच्या बाबतीतही मी अशीच आहे, असं नवरा म्हणतो. त्यात वाईट काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

त्या भागातलं भाडं आमच्या खिशाला जड होतं. तरी आम्ही तिथे राहिलो ते मुलीच्या शाळेसाठी. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि दहावी होईपर्यंत काहीही झालं तरी घर हलवायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मुलगी अभ्यासात हुशार, पण घर बदललं की तिला महिनामहिना झोप लागत नसे. म्हणून तेवढी एक गोष्ट आम्ही मुठीत धरून बसलो होतो.

राहायला गेलो त्या आठवड्यात नवऱ्याने समोर नवा तांदूळ नेऊन दिला. आमचं गाव घोटीच्या पलीकडे डोंगरात. भात निघाला की शेजाऱ्याला पायलीभर द्यायचा, ही तिकडची रीत. बाई दारात आली. साठीच्या पुढची, केस कापलेले, इंग्रजी शाळेतून निवृत्त झालेली. मुलगा आणि सून परदेशात, घरात एकटीच. तिने पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ओह, सो स्वीट ऑफ यू." मग हसली आणि दार लावून घेतलं. नवरा खूश होऊन परत आला. मी मात्र दाराच्या फटीतून पाहत होते. पिशवी तिने हाताने घेतली नव्हती, पायपुसण्याजवळ ठेवायला सांगितली होती.

पुढे मला कळत गेलं, की तिचं स्वीट म्हणजे दार लावण्याचा आवाज आहे. कामवालीने दिवाळीला शेव नेऊन दिली, सो स्वीट. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गच्चीतल्या तुळशीचं रोप दिलं, सो स्वीट. आणि जे आवडत नसे त्याला लव्हली म्हणायचं, पण जरा लांबवून. एकदा मी नवीन पडदे लावले, गडद हिरवे, माझ्या पसंतीचे. बाई दारातून डोकावली आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग." मी मुलीला अर्थ विचारला. ती म्हणाली, अर्थ चांगलाच आहे. चांगला अर्थ असता तर पडद्यांकडे पाहून तिचं नाक का आखडलं, ते काही मुलीला सांगता आलं नाही.

मुलीवर मात्र तिचा जीव बसला. निदान तसं ती म्हणायची. "आय जस्ट अडोर धिस गर्ल," असं मला जिन्यात तिने किती वेळा सांगितलं असेल. मुलगी सहावीत असल्यापासून ती संध्याकाळी तिला बोलावून इंग्रजी शिकवू लागली. पैसे घेत नसे. मुलीचं इंग्रजी सुधारलं, खोटं का बोलू. शाळेत वक्तृत्वात नंबर आला, तेव्हा बाईंनी तिला पेन दिलं. घरी आल्यावर मुलगी कौतुकाने सांगायची, टीचरनी असं केलं, टीचरनी तसं दिलं. "आणि मम्मी, टीचरनी माझ्यासाठी पाण्याचा स्पेशल ग्लास ठेवलाय, फक्त माझा." मला ते तेव्हाच खटकलं होतं. पण फुकट शिकवणाऱ्या माणसाच्या ग्लासावर संशय घेणं मलाच बरं वाटेना, म्हणून मी गप्प बसले.

मग एकदा तो आवडीनिवडीचा धडा आला. रात्री जेवताना ताटात नागलीची भाकरी आणि उडदाच्या पिठाचं भुजं होतं. मुलीने भाकरीकडे पाहिलं, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "मम्मी, आय अ‍ॅम नॉट अ बिग फॅन ऑफ धिस, बट आय अ‍ॅप्रिशिएट द एफर्ट."

नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. "म्हंजे खायची नाय का?"

"तसं नाही पप्पा, खाते ना."

"मग आवडली?"

"तसंही नाही."

नवरा माझ्याकडे पाहू लागला. मुलीने आम्हाला समजावून सांगितलं, की टीचर म्हणतात, आवडत नाही असं कधी कोणाच्या तोंडावर बोलायचं नसतं. ते असंस्कृत दिसतं. त्यासाठी वेगळी वाक्यं असतात. एखादी गोष्ट आपल्या चहाच्या कपातली नाही असं म्हणायचं, किंवा मी हिच्यावाचून राहू शकेन असं म्हणायचं, किंवा नुसतं नॉट बॅड म्हणून पुढे सरकायचं. आवडलेल्यालाही फार आवडलं म्हणायचं नाही, हळूहळू आवडू लागलंय असं म्हणायचं. मी म्हटलं, ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, याला आमच्या गावात शाळा लागत नाही. मुलगी रुसली. भाकरी तिने सगळी खाल्ली, पण ती आवडली की नाही ते त्या रात्री मला कळलं नाही.

नवऱ्याला मात्र ते प्रकरण फार लागलं, त्याचं कारण वेगळं होतं. आमच्या डोंगराकडे पानावर बसलेल्या माणसाने "हे मला जात नाही" म्हटलं, तर वाढणारीला राग येत नाही. तिला फक्त दुसरं काहीतरी करावं लागतं. माझी सासू या बाबतीत फार कडक. एकदा नवीनच जावई जेवायला बसला आणि सुकट पाहून म्हणाला, मी खात नाही. सासू तशीच उठली, शेजारून दोन अंडी आणली, चुलीवर तवा टाकला. जावयाचं जेवण झाल्यावरच तिने स्वतःचं पान घेतलं. ती म्हणायची, नाय म्हणणारा उपाशी उठला तर दोष घराचा. मुलगी ना हो म्हणाली होती ना नाही, त्यामुळे तिला दुसरं काय करून द्यावं हेच नवऱ्याला सुचेना. रात्रभर तो पुटपुटत होता, "पोरीला धड जेवायलाबी नाय शिकवलं बाईनं."

मुलगी दहावीत गेली त्या वर्षी पावसाळ्यात सासूला जाऊन वर्ष झालं. नवऱ्याला कारखान्यातून दोन दिवस सुट्टी मिळेना, म्हणून गावी न जाता इथेच पान वाढायचं ठरलं. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जिवंतपणी जे आवडायचं तेच वाढतात, पुस्तकात काय लिहिलंय ते कोणी विचारत नाही. सासूचा जीव सुकटीत होता. मरणाच्या आधी आठवडाभर तिने अन्न सोडलं होतं, तेव्हाही सुकटीच्या चटणीचं बोट जिभेवर लावून घ्यायची. तिच्या पानात सुकट नसती तर कावळा शिवला नसता आणि नवरा वर्षभर माझ्याशी धड बोलला नसता.

त्या घरात मी तोवर सुकट कधी शिजवली नव्हती. खावीशी वाटली की गावी जाऊन खायची. कोणी मनाई केली होती असं नाही, पण मला डोळे आहेत. इमारतीत कोणाच्या घरातून कसला वास येतो आणि कसला येत नाही ते जिन्यातून चढणाऱ्या माणसाला कळतं. घोटीच्या बाजारातून आणलेली सुकट मी तीन पिशव्यांत बांधून पिठाच्या डब्यात ठेवली होती. त्या सकाळी खिडक्या उघडल्या, कांदा चिरला, लसूण ठेचला आणि सुकट तव्यावर टाकली. वास जिन्यात गेला. मी नाकबूल करत नाही. सुकट भाजली की वास गल्लीभर जातो.

नवरा पान घेऊन गच्चीकडे निघाला, मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यामागे. समोरचं दार उघडं होतं आणि बाई नाकाला रुमाल लावून उभी होती. मी आमच्या दारातून सगळं पाहत होते. नवरा थांबला आणि म्हणाला, "आईचं वर्ष हाय आज." बाईने रुमाल खाली घेतला, चेहरा मऊ केला, फार वाईट वाटलं वगैरे इंग्रजीत म्हणाली. मग हसून म्हणाली, "अ‍ॅक्च्युअली, ड्राय फिश इज नॉट माय कप ऑफ टी."

नवऱ्याने मुलीकडे पाहिलं. मुलीने शिकवल्याप्रमाणे अर्थ सांगितला, टीचरना सुकट तितकीशी आवडत नाही.

कावळा लगेच आला, हे चांगलं झालं. पण नवरा गच्चीवरून खाली आला तो थेट चपला घालून गाडीची किल्ली शोधू लागला. मी विचारलं, कुठे निघालात? तो म्हणाला, कोंबडी आणायला. आईच्या दिवशी आपल्या दारात माणूस म्हणालं सुकट आवडत नाही, त्याला दुसरं काही न देता कसं चालेल. मी म्हटलं, अहो, ती बाई असलं काही खात नसेल. तो म्हणाला, "सुकट नाय आवडत म्हणली. कोंबडी नाय आवडत असं कुठं म्हणली?"

तसं ती खरंच कधी म्हणाली नव्हती. इतक्या वर्षांत मी मांस खात नाही हे चार शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. वरच्या मजल्यावर बारशाचं जेवण होतं तेव्हा ती म्हणाली होती, आय ईट व्हेरी लाइट. हलकं जेवणाऱ्या माणसाला नवरा पातळ रस्सा देणार होता. मी त्याला अडवू शकले असते. पण खरं सांगते, माझ्या मनात वेगळंच होतं. मला वाटलं, आता तरी बाईला तोंड उघडून नाही म्हणावं लागेल. एक घाव दोन तुकडे होतील. म्हणून मी रस्सा केला, आणि चांगला केला.

नवऱ्याने डबा दोन्ही हातांनी दिला. बाईने तो दोन बोटांनी घेतला. तरीही ती नाही म्हणाली नाही. "यू शुडंट हॅव," म्हणाली. "सो स्वीट." आणि दार लागलं. नवरा आत येऊन समाधानाने जेवला.

दुसऱ्या दिवशी डबा आला तो जिना झाडणाऱ्या बाईच्या हातून. तिने मला हळू आवाजात सांगितलं, की रस्सा मागे पार्किंगमधल्या कुत्र्यांना गेला, आणि डबा रात्रभर चपलांच्या कपाटावर होता, घरात घेतलाच नाही. मी झाकण उघडलं. डबा घासलेला होता, आणि रिकामा होता. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा कोणी रिकामा परत करत नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, भांडण झालेलं असेल तरी घालतात. त्या रिकाम्या डब्याने माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नवऱ्याला मी सांगितलं नाही. त्याने आईच्या नावाने दिलं होतं.

दोन आठवड्यांनी घरमालकाचा फोन आला. ते पुण्याला राहतात, माणूस तसा सभ्य. दर वर्षी करार आपोआप पुढे सरकत असे. यंदा ते म्हणाले, दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघा. मी कारण विचारलं. म्हणाले, बिल्डिंगमधले लोक जरा अनकम्फर्टेबल आहेत. मी विचारलं, कोण लोक? म्हणाले, लोक म्हणजे, असंच, नथिंग पर्सनल. मी म्हटलं, मुलीची दहावी आहे, परीक्षेपर्यंत तरी थांबा. ते म्हणाले, आय फील बॅड, रिअली. वाईट वाटतंय असं मराठीत म्हणाले असते तर पुढे त्यांना काहीतरी करावं लागलं असतं.

फोन ठेवला तेव्हा संध्याकाळ होती. मुलगी समोरच होती, शिकवणीला. मी ओल्या हातानेच समोरची बेल वाजवली.

दार उघडलं तेव्हा मुलगी जेवणाच्या टेबलापाशी वही उघडून बसलेली दिसली. बशीत बिस्किटं होती. बाई म्हणाली, या ना. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि विचारलं, घरमालकाला फोन तुम्ही केला का? तिने मान जरा तिरकी केली. म्हणाली, तिने कोणाची तक्रार केली नाही, फक्त काही कन्सर्न्स शेअर केले. मी म्हटलं, ते काय असतं ते मला कळत नाही. तुम्हाला आमच्या घराचा वास येतो, असं मराठीत म्हणा.

"आय वुडंट पुट इट लाइक दॅट," बाई म्हणाली.

मी म्हटलं, तसं नसेल तर कसं आहे ते सांगा. बाई म्हणाली की प्रत्येकाच्या काही प्रेफरन्सेस असतात, त्यात कोणाचा अपमान नसतो, तिला आमच्याबद्दल फक्त आदर आहे. मी ओरडत होते आणि ती ओरडत नव्हती, म्हणजे जिन्यातून जाणाऱ्या कोणालाही मीच भांडकुदळ वाटले असते. अशा माणसाशी भांडता येत नाही. हात घालावा तिथे ती निसटते, ओल्या साबणाच्या वडीसारखी. मी रस्त्यावर, बाजारात, पंचवटीत भाजीवाल्यांशी, सगळ्यांशी भांडलेली आहे आणि भांडून घरी आल्यावर मला भूक लागते. त्या दारात मात्र मला रडू यायला लागलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग बाईने एक चूक केली. ती मुलीकडे वळली. "बेटा, टेल युवर मदर," ती म्हणाली, "आय हॅव ऑल्वेज बीन सो फॉन्ड ऑफ यू. यू लाइक कमिंग हियर, डोंट यू?"

मुलगी उठली. तिने वही बंद केली, पेन खिशात ठेवलं. ते बाईंनीच दिलेलं पेन होतं. तिने ते परत काढून टेबलावर ठेवलं.

"नाही, टीचर," ती म्हणाली. "मला इथे यायला आवडत नाही."

बाई हसायला लागली होती, ती अर्ध्यावर थांबली.

"माझा ग्लास तुम्ही बाहेरच्या खिडकीत ठेवता," मुलगी म्हणाली. "तुमच्या भांड्यांत नाही ठेवत. मला आठवीपासून माहीत आहे."

आठवीपासून. मला हे नवीन होतं. दोन वर्षं पोर रोज संध्याकाळी त्या ग्लासातून पाणी पिऊन आली होती आणि घरी येऊन नॉट बॅड, नॉट बॅड म्हणत होती. मी बाईकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीला तिने हात टेकला. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी गुळगुळीत येईल. पण आलं ते मराठीत आलं.

"मला तो वास सहन होत नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून नाही होत. ग्लासाचं खरं आहे. आणि ही पोरगी मला आवडते, तेही खरं आहे."

तिचा आवाज मला पहिल्यांदा ऐकल्यासारखा वाटला. जाडा, सदाशिव पेठेतल्या एखाद्या चिडक्या आत्याबाईसारखा. मला तिची दया आली नाही, हे स्पष्ट करते. अजूनही येत नाही. पण माझं रडू थांबलं, कारण समोर आता भांडायला माणूस होतं.

मग आम्ही भांडलो. मी तिला डब्याचं सांगितलं, कुत्र्यांचं सांगितलं, साखरेचं सांगितलं. तिने मला सांगितलं, की मी आयुष्यात मांसाला शिवले नाही, तुम्ही मला विचारलंत का. मी म्हटलं, तुम्ही सांगितलंत का. ती म्हणाली, अशा गोष्टी सांगायच्या असतात का, कळायला हव्यात. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने आईच्या नावाने दिलेलं अन्न तुम्ही कुत्र्याला घातलंत. ती म्हणाली, मग काय करू, माझ्या ओट्यावर ठेवू? वरच्या मजल्यावरचे आजोबा अर्ध्या जिन्यात येऊन उभे राहिले आणि कोणाची बाजू घ्यावी ते न कळून परत वर गेले. जिभेला हाड नसतं म्हणतात, त्या दिवशी दोघींच्या जिभांना नव्हतं. तिनेही मला सोडलं नाही. डोंगरातून येऊन सोसायटीत राहायचं तर सोसायटीसारखं राहावं, असंही म्हणाली. हे ती इतकी वर्षं मनात धरून होती. मनात होतं ते बाहेर पडलं, तेव्हा मला त्याचं उत्तर देता आलं, आणि मी दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही.

दमल्यावर ती म्हणाली, "एक सरळ सांगते. सुकट शिजवणार नाही असं कबूल करा. मी आत्ता फोन करते, परीक्षेपर्यंत राहा."

बोलणं अगदी स्वच्छ होतं. मी मुलीकडे पाहिलं. दहावीचं वर्ष, चालत जायची शाळा, तिची झोप. एवढ्यासाठी आम्ही त्या घराला धरून होतो, आणि ते सगळं एका शब्दावर आलं होतं. तसं वर्षातून एकदाच तर शिजवायची. हो म्हटलं असतं तर कोणी मला नावं ठेवली नसती, नवऱ्यानेही नाही. पण सासूचं पान दर वर्षी येणार होतं, आणि तो ग्लासही त्या खिडकीत तसाच राहणार होता.

मी म्हटलं, "नाही."

दिवाळीत आम्ही सातपूरला आलो. कारखान्यांच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, पाण्याची वेळ ठरलेली, पाळी सुटली की रस्त्यावर मोटारसायकलींचा लोंढा. मुलगी बसने शाळेत जाऊ लागली. पहिला महिना तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. बाईसमोर ती बोलली होती हे खरं, पण घर सोडू या असं ती कुठे म्हणाली होती. तो निर्णय माझा होता आणि बसमध्ये उभं राहणं तिच्या वाट्याला आलं होतं. बसमध्ये उभ्या उभ्या तिने इतिहास पाठ केला. दहावी बरी गेली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींइतकी नाही, पण बरी गेली. बाईंकडून एकदा निरोप आला होता, मुलीला यायचं तर ये म्हणावं. मुलगी गेली नाही.

यंदा सासूला जाऊन दोन वर्षं झाली. या गल्लीत कोणाला वासाचं काही नाही. शेजारी बोंबील भाजतात तेव्हा आम्हाला कळतं, आम्ही भाजतो तेव्हा त्यांना. मी दार सताड उघडं ठेवून सुकट केली. कांदा भरपूर, वर लसणाचा ठेचा, सासूला हवी तशी कोरडी. पत्र्यावर पान ठेवलं, कावळा आला. मग आम्ही तिघं जेवायला बसलो आणि मी मुलीच्या ताटात वाढायला चमचा उचलला.

तिने ताटावर हात आडवा धरला.

"मम्मी, मला सुकट आवडत नाही," ती म्हणाली. "मला तो वास सहन होत नाही. लहानपणापासून."

तेच शब्द, त्याच क्रमाने. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला आणि त्या बाईच्या दारात जशी आग झाली होती तशीच कानशिलापर्यंत गेली. जिच्यासाठी घर सोडलं ती सुकट माझ्याच पोटच्या पोरीला नको होती. तिने मात्र मान खाली घातली नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती आणि वाट पाहत होती, मी काय म्हणते याची.

नवरा ताटावरून उठला. हात धुतला, खुंटीवरची पिशवी घेतली.

"तुमी दोघी थांबा," तो म्हणाला. "अंडी घेऊन येतो."